आपल्याकडे बोंबील कोण तळतंय?

आमच्या घरात मासे शिजत नाहीत. आईचं तर असं, की मासळी बाजार यायच्या आधीच ती रिक्षावाल्याला दुसऱ्या रस्त्याने घ्यायला लावते. त्यामुळे मागे थंडीत एका सकाळी ती पदर नाकाला लावून बाहेर आली आणि म्हणाली, "आपल्याकडे बोंबील कोण तळतंय रे?" तेव्हा मला आधी हसूच आलं.

मग मलाही वास आला. खिडक्या बंद, शेजारचे गावाला गेलेले. वासाच्या मागावर मी बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये पोचलो. तिथे गीझरचा बोर्ड आहे. सॉकेटच्या एका भोकाभोवती, चहाच्या कपाने टेबलावर उमटावं तसं, तपकिरी कडं उमटलं होतं. कान जवळ नेला तर आत बारीकसं चर्र... चर्र. कढईत मोहरीचा एकच दाणा उरलाय आणि तोही तडतडायचा कंटाळा करतोय, असं. मी प्लग उपटायला हात पुढे केला, तेवढ्यात आई ओरडली, "आधी मेन पाड!"

आई भौतिकशास्त्र शिकलेली नाही. पण त्या क्षणी ती बरोबर होती, आणि ती का बरोबर होती हे नीट समजायला मला पुढचे कित्येक दिवस लागले.

तासाभराने वायरमन आला. स्क्रू काढून त्याने सॉकेट बाहेर ओढलं. आतली पितळी पट्टी काळीठिक्कर पडली होती. वायरवरचं प्लॅस्टिक कुरडईसारखं कडक होऊन बोटाने तुटत होतं. "कार्बन धरलाय साहेब. फेज लूज होती. किती दिवस चाललंय हे?" आम्ही मायलेक एकमेकांकडे बघत राहिलो. आणि वर, मीटरशेजारच्या डब्यात, एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की वीज तोडणारा खटका, ताठ उभा होता. घराला आग लागायची वेळ आली तरी या राखणदाराने हूं की चूं केलं नव्हतं!

ते जळकं सॉकेट मी टाकलं नाही. ते माझ्या टेबलावर आहे, आणि त्याच्या पोटात मला एकामागून एक चकित करणाऱ्या गोष्टी सापडत गेल्या.

आधी वासाचंच घ्या. सॉकेटला बोंबलाचा वास का यावा? समुद्रातल्या माशाच्या अंगात ट्रायमेथिलअमाइन ऑक्साइड नावाचं एक द्रव्य असतं. त्याला वास नाही. मासा मेला, की जिवाणू त्याचं ट्रायमेथिलअमाइन करतात, आणि आपण ज्याला मासळीचा वास म्हणतो तो मुख्यतः या अमाइनचा. अमाइन म्हणजे नायट्रोजनच्या अणूभोवती बांधलेली संयुगं. आता सॉकेटकडे या. जुन्या पद्धतीचे कडक पांढरे स्विच आणि सॉकेट युरिया-फॉर्मल्डिहाइड या प्लॅस्टिकचे असतात. युरिया म्हणजे तोच, शेतकरी पोत्याने शेतात टाकतो तो. त्यात वजनाने ४६ टक्के नायट्रोजन असतो. हे प्लॅस्टिक फार तापलं की त्याची साखळी तुटू लागते आणि नायट्रोजनवाले तुकडे वाफ होऊन उडतात. त्यांतले काही अमाइनच्याच कुळातले. म्हणजे आईच्या नाकाने चूक केलीच नव्हती. तिने एका रसायनाचं कूळ अचूक ओळखलं होतं, फक्त घर चुकलं होतं! (नव्या मॉड्युलर सॉकेटचं प्लॅस्टिक वेगळं असतं. ते करपल्यावर मासा आठवेलच असं नाही, नुसता उग्र जळका वास येतो.)

वासाचं कोडं सुटलं. पण सॉकेट तापलंच का?

विजेचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. ती कोयनेच्या डोंगराच्या पोटातून निघाली असेल, नाहीतर चंद्रपूरच्या कोळशातून. मनोऱ्यांवरून, दऱ्यांवरून, शेकडो किलोमीटर धावून ती तुमच्या भिंतीत शिरते. बहुतेक वाट तिला सलग धातूची मिळते. आणि मग अगदी शेवटी, अर्ध्या बोटाच्या अंतरावर, तिला एक उडी मारावी लागते. सॉकेटच्या पट्टीवरून प्लगच्या पिनवर. इथे धातू सलग नाही. दोन तुकडे नुसते एकमेकांना टेकलेले आहेत.

टेकलेले म्हणजे किती टेकलेले? पिन हाताला गुळगुळीत लागते, पण सूक्ष्मदर्शकाखाली ती टाकी लावलेल्या जात्यासारखी खडबडीत असते. जात्याच्या दोन तळ्या एकमेकींवर ठेवल्या तर त्या काही सगळीकडे चिकटत नाहीत, उंचवटे तेवढे भिडतात. पिन आणि पट्टीचंही तसंच. डोळ्यांना वाटतं सगळा पृष्ठभाग टेकलाय, प्रत्यक्षात धातूला धातू भिडतो तो मोजक्या सूक्ष्म टिंबांवर. सगळी वीज त्या टिंबांतून दाटीवाटीने पार होते, संध्याकाळी दादरच्या पुलावर गर्दी एकाच जिन्यात घुसते तशी. पट्टी घट्ट आवळून धरत असेल तर टिंबं चपटी होतात, वाट रुंदावते, काही बिघडत नाही. पट्टी सैल पडली की जिने बंद होऊ लागतात.

आता थोडा हिशेब, शाळेतला. ३००० वॅटचा इन्स्टंट गीझर २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर करंट घेतो. सैल पडलेल्या सांध्याचा रोध समजा अवघा ०.२ ओहम आहे. ही इतकी किरकोळ अडचण आहे, की गीझरच्या पाण्यात तुम्हाला फरक कळणारसुद्धा नाही. पण उष्णतेचा नियम असा, की करंटचा वर्ग करायचा आणि त्याला रोधाने गुणायचं. १३ गुणिले १३ गुणिले ०.२. उत्तर येतं जवळजवळ ३४ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातली कथील वितळवणारी सोल्डरिंग आयर्न आठवा. ती साधारण २५ वॅटची असते. म्हणजे तुमच्या भिंतीत, हरभऱ्याएवढ्या जागेत, सोल्डरिंगपेक्षा जास्त दमाचा निखारा बसलाय, आणि त्याच्या शेजारून जाणाऱ्या साध्या पीव्हीसी वायरचं कवच मुळात ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्याच बोलीवर बनवलेलं आहे.

आणि हा निखारा स्वतःला फुंकर घालतो! तापलेली पट्टी आपला ताठा गमावते, म्हणून पकड आणखी ढिली होते. तापलेल्या तांब्या-पितळेवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचं पुट चढतं, ते वीज नीट वाहू देत नाही, म्हणून रोध आणखी वाढतो. आणखी उष्णता, आणखी ढिलाई. शिवाय वायर आवळणारा स्क्रू रोज सकाळी गीझरबरोबर तापून फुगतो आणि दुपारी आकसतो. वर्षात ३६५ वेळा. कुणी हात न लावता स्क्रू सैल कसा झाला, असं वायरमनला विचारू नका. तो तुमच्याच आंघोळींनी सैल झालेला असतो.

बरं, मग एमसीबी काय करत होता?

त्याच्या पोटात दोन पहारेकरी राहतात. जर्मनीच्या मानहाइम शहरातल्या ह्यूगो श्टोट्झच्या कारखान्यात १९२४ साली हे यंत्र आकाराला आलं, आणि त्यातली युक्ती अजून तीच आहे. पहिला पहारेकरी दोन धातूंची चिकटवलेली पट्टी. दोन्ही धातू उष्णतेने सारखे फुगत नाहीत, म्हणून जास्त करंटने पट्टी तापली की ती वाकते आणि खटका सोडते. हा पहारेकरी सोशिक आहे. १६ अँपिअरच्या एमसीबीतून १८ अँपिअर जाऊ लागले तरी तो तासभर तोंड उघडत नाही, आणि मानकानुसार त्याने उघडूही नये. दुसरा पहारेकरी म्हणजे तारेचं वेटोळं. शॉर्टसर्किट झालं, करंट एकदम कित्येक पटींनी उसळला, की ते चुंबक बनून निमिषात खटका ओढतं. एक घरातल्या मोठ्या माणसासारखा, बघू, बघू म्हणणारा. दुसरा शीघ्रकोपी.

पण दोघांनाही कळतं ते एकच: करंट किती जातोय. आणि आमच्या सॉकेटमधून करंट किती जात होता? १३ अँपिअर. खरं तर त्याहून किंचित कमी, कारण सैल सांध्याने वाटेत अडथळाच केला होता! राखणदाराच्या वहीत सगळं आलबेल होतं. सैल सांध्याची आग एमसीबीला दिसत नाही. फ्यूजला दिसत नाही. ती दिसते नाकाला, कानाला, डोळ्यांना आणि हाताच्या तळव्याला.

म्हणून आता मी घरातल्या बोर्डांकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो. इस्त्री करून झाली की स्विच बंद करून प्लगवर हात ठेवतो. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर त्या सॉकेटला रजा. प्लग खोचल्यावर स्वतःच्या वजनाने लोंबकळतोय? पट्टीने पकड सोडलीय. चार्जर जरा हलवला की मोबाइल चार्ज व्हायचा थांबतो आणि पुन्हा सुरू होतो? आपण सगळे तिथे कागदाची घडी खोचून प्रश्न मिटवतो. तो मिटत नाही, फक्त दिसेनासा होतो. मिक्सर लावला की त्याच बोर्डावरचा दिवा थरथरतो, बोर्डातून गुणगुण येते, भोकाभोवती पिवळं-तपकिरी होतं, यांतली प्रत्येक खूण म्हणजे आतून कुणीतरी दार ठोठावतंय असं समजा.

एक कबुली देतो. आमच्याकडे वर्षानुवर्षं एक कन्व्हर्टर होता, मोठ्या जाड पिनांचा प्लग छोट्या सॉकेटमध्ये बसवून देणारा. हार्डवेअरच्या दुकानात टोपलीत मिळतो तो. किती सोयीचा! पण छोटं सॉकेट ६ अँपिअरचं, मोठं १६ चं, हा फरक काही दुकानदाराने माल खपवायला केलेला नाही. छोट्याच्या मागे वायर बारीक, पट्टी बारीक. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, आधीच्या हिशेबातला तो वर्ग आठवा. मोठ्या पिना जाड ठेवल्या त्या मुळी छोट्या भोकात शिरू नयेत म्हणूनही. आणि कन्व्हर्टर म्हणजे नेमका तोच पहारा चुकवण्याचं साधन. एक्स्टेंशन बोर्डाला हीटर आणि इस्त्री एकदम लावणं हे त्याचंच चुलत भावंड. लग्नाच्या मांडवात, गणपतीच्या सजावटीत माळेच्या उघड्या तारा सॉकेटमध्ये घालून काड्यापेटीच्या काड्या खोचतात ना? तिथे तर सांधा नावालाच असतो, आणि जवळ कापूस, थर्माकोल, पडदे.

हे तीन पिनांचं सॉकेट मुळात आपलं नव्हेच, बरं का. ते ब्रिटिशांचं. त्यांच्या १९३४ च्या मानकातले गोल पिनांचे ५ आणि १५ अँपिअरचे प्लग आपल्याकडे आले. पुढे १९४७ मध्ये, आपण स्वतंत्र होत होतो त्याच वर्षी, ब्रिटनने नवं चौकोनी पिनांचं, पोटात फ्यूज असलेलं मानक काढलं आणि जुनं हळूहळू सोडून दिलं. आपण गोल पिना धरून राहिलो, ५ चे ६ झाले, १५ चे १६. साहेबाने टाकलेला अंगरखा आपण मापात बसवून अजून वापरतोय, आणि खरं सांगायचं तर त्याची शिवण फारच विचारपूर्वक आहे.

वरची पिन बघा. इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड. का? जाड, म्हणजे ती चुकूनही फेजच्या भोकात जाऊ नये. लांब, म्हणजे प्लग घालताना ती सगळ्यांत आधी आत पोचावी आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावी. ही अर्थिंगची पिन. फ्रिजच्या, गीझरच्या धातूच्या अंगाला जोडलेली. वीज पोचण्याआधी संरक्षण पोचलेलं असतं आणि वीज गेल्यावरच ते निघतं. एका पिनच्या लांबीत केवढं शहाणपण! आणि नव्या सॉकेटमध्ये हीच पिन आणखी एक काम करते. खालच्या दोन भोकांवर आतून झडपा असतात. लांब पिन आत गेली की ती झडपा बाजूला सारते. नुसत्या खालच्या भोकात रांगत्या बाळाने केसातली पिन घातली तर ती झडपेवर अडते. आणि आपण मोठी माणसं काय करतो? दोन पिनांचा प्लग जात नाही म्हणून वरच्या भोकात बॉलपेन, पाना, जे हाताला येईल ते खुपसून झडप उघडतो. बाळाच्या देखत.

अर्थिंगची वायर जाते कुठे? इमारतीच्या कोपऱ्यात एक खड्डा असतो. त्यात धातूची पट्टी किंवा नळी, भोवती कोळसा आणि मीठ. उन्हाळ्यात त्यात पाणी ओततात, कारण कोरडी जमीन वीज घ्यायला नाखूष असते. गीझरच्या आतली कॉइल फुटून फेज त्याच्या अंगाला लागली, तर ती वीज तुमच्यातून न जाता या वाटेने जमिनीत जावी, अशी योजना. पण खड्डा सुकलाय, वाटेचा रोध २० ओहम झालाय असं धरा. २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर. म्हणजे गीझरच्या अंगातून वीज जमिनीत वाहतेय, आणि १६ अँपिअरचा एमसीबी पुन्हा म्हणणार, आलबेल!

ही फट कुणाच्या लक्षात आली असेल? त्यासाठी माणसाच्या शरीराकडे जावं लागतं.

आपण म्हणतो, करंटने त्याला चिकटवून धरलं. वीज काही डिंक नाही. मग माणूस चिकटतो कसा? आपल्या स्नायूंना मेंदू विजेच्या इवल्या इशाऱ्यांनीच हलवतो. इटलीतल्या लुइजी गॅल्व्हानीला अठराव्या शतकात मेलेल्या बेडकाचा पाय विजेने झटकताना दिसला, तेव्हापासून हे माहीत आहे. बाहेरची वीज हातातून गेली की बोटं मिटणारे आणि बोटं उघडणारे असे सगळेच स्नायू एकदम आवळतात. मिटणारे जास्त बळकट, ते जिंकतात. मूठ घट्ट बसते. तारेने तुम्हाला तुमच्याच हाताने धरून ठेवलेलं असतं! कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात चार्ल्स डॅल्झील नावाच्या प्राध्यापकाने स्वेच्छेने पुढे आलेल्या लोकांवर काळजीपूर्वक प्रयोग करून मोजलं, की किती करंटनंतर माणसाला मूठ सोडता येत नाही. पुरुषांमध्ये सरासरी सुमारे १६ मिलिअँपिअर, स्त्रियांमध्ये साडेदहाच्या आसपास. मिलि म्हणजे हजारावा भाग. गीझर जेवढा करंट घेतो त्याच्या हजारातला एखाद-दुसरा भाग माणसाला खिळवून ठेवायला पुरतो. त्याहून काही पट वाढला आणि छातीतून गेला, की हृदयाची लय विस्कटते. आणि एमसीबी? तो १६००० मिलिअँपिअरच्या गप्पा मारतो. त्याच्या हिशेबात तुम्ही दिसतच नाही. त्याला वायर वाचवायला ठेवलाय, माणूस नव्हे.

त्वचा कोरडी असेल तर ती हजारो ओहमचा अडथळा करते आणि झिणझिण्यांवर निभावतं. ओल्या अंगाने तोच अडथळा हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० भागिले हजार, २३० मिलिअँपिअर. आंघोळ करून ओल्या हाताने गीझरचा स्विच बंद करणारे आपण सगळे, हा भागाकार एकदा स्वतःच करून बघा.

डॅल्झीलच मग या फटीवर उपाय घेऊन आला, १९६१ मध्ये. त्याचं भावंड आपल्या डब्यात आरसीसीबी या नावाने बसतं. वायरमन त्याला अजून ईएलसीबी म्हणतात. त्याची युक्ती इतकी साधी आहे, की आपल्याला का सुचली नाही असं वाटावं. शाळेची सहल सिंहगडावर जाते तेव्हा मास्तर बसच्या दारात उभे राहून काय करतात? डोकी मोजतात. चाळीस उतरली, चाळीस चढली, चला. एकोणचाळीस चढली की शिट्टी. आरसीसीबीत लोखंडी कडं असतं, त्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी जातात. फेजमधून जेवढी वीज गेली तेवढीच न्यूट्रलमधून परत आली, तर दोघींची चुंबकं एकमेकांना पुसून टाकतात, कड्यात शून्य उरतं. थोडी वीज तुमच्या अंगातून जमिनीत उतरली, की परतीची गर्दी तेवढी कमी. शून्य बिघडतं. कड्यावरच्या बारीक वेटोळ्यात वीज उमटते आणि खटका पडतो.

किती चुकलं की पडतो? घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला पडायलाच हवा. १० अँपिअर वाहत असताना ३० मिलिअँपिअर म्हणजे हजार मुलांत तीन. आणि गळती १५० मिलिअँपिअर असेल तर ०.०४ सेकंदात, हृदयाचा एक ठोका पुरा व्हायच्या कितीतरी आधी. यात एक बारकावा मला फार आवडतो. हे यंत्र तुमच्या अंगातून जाणारा करंट कमी करत नाही. शॉक बसतोच, चांगला सणसणीत बसतो. ते फक्त शॉकचा वेळ कापतं.

मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरणाऱ्याला ते ओळखत नाही. गेलेली सगळी परत आली, मास्तर खूश. आणि आमच्या गीझरच्या सॉकेटसारखा सैल सांधाही त्याला कळत नाही. तिथेही डोकी बरोबर भरत होती.

आता त्या सकाळी आई का बरोबर होती ते. चालू गीझरचा प्लग ओढला असता तर पिन सुटताना १३ अँपिअरचा करंट हवेतून पूल बांधू पाहतो. त्या ठिणगीतली हवा काही हजार अंश तापते. सॉकेटशेजारचा स्विच हे काम चांगलं करतो, त्याच्या आत स्प्रिंग आहे. तुम्ही कितीही हळू दाबा, तो झटक्यातच उघडतो. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्या शून्यात ठिणगी विझते. प्लग ओढणाऱ्या हाताला तो झटका जमत नाही. शिवाय आतलं प्लॅस्टिक वितळलेलं असताना प्लग उपटला, तर टोपण हातात आणि जिवंत पिन सॉकेटात, असंही होतं. आणि स्विचच आतून तापून चिकटला असेल तर? म्हणून मेन. कोरड्या हाताने, लांबून. मग वाट बघायची, आणि नुसता स्क्रू आवळून घ्यायचा नाही. एकदा तापून नरम झालेली पट्टी पुन्हा ताठ होत नाही. सॉकेट नवं, प्लगच्या पिना काळ्या असतील तर प्लगही नवा, आणि वायरचा कडक झालेला भाग कापून मागची ताजी वायर.

ज्वाळाच दिसली तर पाणी नको. पाण्यातून वीज तुमच्याकडे वाट काढते. मेन पाडायचं, मग कोरडी वाळू किंवा पावडरचं अग्निशामक. आटोक्यात येत नसेल तर माणसं बाहेर काढून १०१. कुणी विजेला चिकटलेलं असेल तर त्याला हात लावायचा नाही, नाहीतर त्याची मूठ तुम्हालाही साखळीत घेते. मेन पाडा. मेन सापडतच नसेल तर कोरड्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभं राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर ढकला. सुटल्यावर श्वास बघा. श्वास नसेल तर १०८ ला फोन आणि छाती दाबणं एकाच वेळी सुरू. हे घरातल्या विजेपुरतं. रस्त्यावर तुटून पडलेल्या तारेच्या जवळपासही जायचं नाही.

आमच्याकडे त्यानंतर आरसीसीबी बसला. त्यावर "टी" लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबलं की यंत्र मुद्दाम थोडी गळती घडवून स्वतःची परीक्षा घेतं. काही महिन्यांनी एकदा ते दाबायचं असतं, आणि बहुतेक घरांत ते बसवल्या दिवसापासून कोरं असतं. आमच्याही होतं.

परवा जुलैतल्या एका भर पावसात पुन्हा तोच वास आला. आई देवघरातून ओरडली, "मेन पाड!" मी मेन पाडलं. मोबाइलच्या उजेडात एकेका सॉकेटला नाक लावत घरभर फिरलो. सगळी थंडगार. शेवटी दार उघडून जिन्यात गेलो, तेव्हा खालच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या वहिनी कुणाला तरी सांगत होत्या, "अहो, सुकट आणलीय गावाहून, घेऊन जा थोडी."

मी वर येऊन मेन चालू केलं. पंखा फिरला, टीव्ही बोलू लागला. डबा उघडाच होता, म्हणून लगे हाथ "टी" दाबला. खट्!

अंधारातून आईचा आवाज आला, "आता काय झालं?"